ब्राझीलचा दाखला द्या, पण पुरता द्या

ई-२० वरून, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून, वाद पेटला की भारतात ब्राझीलचं नाव हमखास पुढे येतं. ‘तिकडे वर्षानुवर्षं २७ टक्के इथेनॉल चालतंय, मग आपल्याच गाड्यांना काय धाड भरलीय?’ सांगलीचे माझे मेहुणे हे फोनवर मलाच ऐकवतात, कारण मी राहतो साओ पावलोत. म्हणणं खोटं नाही. ऑगस्ट २०२५ पासून तर इथल्या साध्या पेट्रोलमध्ये ३० टक्के इथेनॉल असतं. पण ही अर्धीच गोष्ट झाली.

इथे पंपावर सेल्फ-सर्व्हिसला कायद्यानेच बंदी आहे. गाडी उभी राहिली की पंपावरचा माणूस आधी विचारतो, अल्कोहोल की गॅसोलिन? एका नळीतून मिश्रण, दुसरीतून जवळपास निव्वळ इथेनॉल. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. त्यामुळे हिशेब सगळ्यांना तोंडपाठ असतो: इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या आत असेल तरच ते भरायचं. समजा पेट्रोल ६ रेआल (इथलं चलन), तर इथेनॉल ४.२० च्या खाली हवं. ॲव्हरेज कमी मिळतं हे कुणी लपवत नाही, आणि परवडलं नाही तर दुसरी नळी शेजारीच असते.

आपल्याकडे नेमकं हेच राहून गेलं. जुन्या, ई-१० पर्यंतच जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज ई-२० वर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, हे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच होतं. मिश्रित इंधन ग्राहकाला स्वस्त पडावं म्हणून करसवलत द्या, हेही त्यातच होतं. मिश्रण वेळेआधी २० टक्क्यांवर नेलं, स्वस्ताई मात्र पंपापर्यंत पोचली नाही. मेहुण्यांची गाडी २०१४ ची. इंजिनं धडाधड बसतायत या व्हॉट्सॲपी बातम्यांवर माझा विश्वास नाही, पण जुन्या रबरी नळ्या आणि गॅस्केटं लवकर बदलावी लागली, तर तो खर्च कुणाच्या माथी?

ब्राझीललाही हे सहज साधलेलं नाही. इथली इथेनॉलची योजना १९७५ ची. १९८९ च्या सुमारास कारखाने साखरेकडे वळले, इथेनॉलचा तुटवडा पडला आणि निव्वळ त्यावरच चालणाऱ्या गाड्या पंपांवर रांगेत ताटकळल्या. लोकांनी त्या गाड्यांकडे पाठच फिरवली. २००३ मध्ये कोणत्याही प्रमाणावर चालणाऱ्या फ्लेक्स गाड्या आल्या, तेव्हा कुठे भरवसा परतला. शिवाय इथला ऊस बहुतांशी पावसावर येतो. सोलापूर-मराठवाड्यातल्या उसाचं पाणी कुठून येतं, हे मी सांगायला नको.

मी इथेनॉलविरोधी नाही. तेलाची आयात घटते, उसाची बिलं निघतात, हे फायदे खरेच आहेत. पण महागडं प्रीमियम पेट्रोल वेगळ्या नळीतून विकायला आपल्या पंपांना जमतं, मग जुन्या गाड्यांसाठी एका नळीवर ई-१० ठेवायला का जमू नये?