येप्पुदा: विशेषण की क्रियापद? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कोरियन विशेषणं क्रियापदांसारखीच चालतात, म्हणून ती तशीच शिकावीत, असं मी लिहिलं होतं. तुम्ही स्वतः कोरियन शिकवता आणि तुमचा आक्षेप असा: येप्पुदा म्हणजे सुंदर, शब्दकोशही त्याला विशेषणच म्हणतो, मग नवशिक्यांचा गोंधळ का वाढवायचा?

शब्दकोश तसं म्हणतो, खरंच. पण कोरियन व्याकरण विशेषण आणि क्रियापद दोन्ही 'योंगऑन' या एकाच मोठ्या वर्गात ठेवतं, म्हणजे रूपं चालवता येणारे शब्द. आपल्याकडे 'मुलगी सुंदर आहे'चं 'सुंदर होती' करताना 'सुंदर' जागचं हलत नाही. काळाचा भार 'असणे' उचलतं. कोरियनमध्ये येप्पोयोचं (सुंदर आहे) थेट येप्पोस्सोयो (सुंदर होती) होतं. नामानंतर जोडलं जाणारं 'इदा' (असणे; त्याचंच रूप 'इएयो', म्हणजे 'आहे') इथे लागतच नाही. 'येप्पुन इएयो' ही चूक होते ती 'सुंदर' वेगळं, 'आहे' वेगळं असं मनात बसल्यामुळे. गोंधळ तिथे आहे.

दोन्ही अगदी एकच, असं मात्र माझं म्हणणं नाही. चादा (झोपणे) वर्तमानकाळात 'चान्दा' होतं, येप्पुदाला तसं रूप नाही. झोपलेलं मूल 'चानुन आइ', सुंदर मूल 'येप्पुन आइ'. नियमाने विशेषणाला आज्ञार्थही नाही, तरी 'हेंगबोखासेयो' (सुखी राहा) लोक सर्रास म्हणतात.

मला सगळ्यात मोलाचे वाटतात ते सीमेवरचे शब्द. चोम्ता (तरुण असणे) विशेषण, पण नुक्ता (म्हातारं होणे) क्रियापद. त्यामुळे 'तो म्हातारा आहे' हे भूतकाळी रूपानेच सांगावं लागतं: नुल्गोत्ता. आपणही 'आंबा पिकलाय' म्हणतो तेव्हा घडून गेलेल्या क्रियेतूनच आजची स्थिती सांगतो. देखण्या माणसाबद्दलही कोरियन लोक 'चालसेंग्योत्ता' म्हणतात, तेही भूतकाळी रूप. त्याचं मूळ रूप चालसेंगिदा शब्दकोशात विशेषण होतं, पण वागणं विशेषणाचं नव्हतं. शेवटी २०१७ साली कोरियाच्या राष्ट्रीय भाषा संस्थेने प्रमाण शब्दकोशात त्याच्यासह ५ शब्द विशेषणांतून काढून क्रियापदांत घातले.

तुम्ही ज्या शब्दकोशाचा हवाला देता, त्यानेच शब्दाचं वागणं पाहून वर्ग बदलला. म्हणून माझा आग्रह कायम आहे: येप्पुदा शिकवाल त्याच तासाला येप्पोस्सोयो आणि येप्पुनही शिकवा, आणि शेजारी चादाची रूपं मांडा. कुठे जुळतात, कुठे नाही, ते मुलांना स्वतः शोधू द्या.