चिरडलेला हात आणि दंडात्मक भरपाई
एका लेखात म्हटलंय की अमेरिकेत जखमी खलाशाला दंडात्मक भरपाई (नुकसानभरपाईशिवाय मालकाला शिक्षा म्हणून द्यायला लावलेली जादा रक्कम) आता मिळतच नाही. हे अर्धंच खरं. डुट्रा ग्रुप या कंपनीच्या एका जखमी कामगाराच्या २०१९ च्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली, पण जहाज सुस्थितीत नसल्याच्या दाव्यापुरतीच. त्या कामगाराचं काय झालं बघा: डेकखालच्या कप्प्यात हवेचा दाब वाढला, झाकण उडालं, डावा हात चिरडला. दाब सोडायची सोयच नव्हती, असा त्याचा आरोप होता. तरीही मालकाला दंड नाही, हे मला मुळीच पटत नाही. मात्र औषधोपचार आणि राहण्या-जेवणाचा खर्च मालकाने मुद्दाम अडवला, तर त्याच न्यायालयाच्या २००९ च्या अटलांटिक साउंडिंग खटल्यातल्या निकालामुळे खलाशाला दंडात्मक भरपाई आजही मागता येते. पण तो निकाल ५ विरुद्ध ४ मतांनी जेमतेम तरला होता.