कोड गिटमध्ये आहे, पण डेटा तिथे नाही

डेव्हलपरांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: 'डेटाबेस बॅकअपचा जमाना गेला. कोड गिटमध्ये आहे, स्कीमा मायग्रेशनमध्ये आहे, डेटा क्लाऊडवर रेप्लिकासकट आहे. काही बिघडलं तर गिट रिव्हर्ट करा, डाऊन मायग्रेशन चालवा, दोन मिनिटांत सगळं पूर्ववत. फारच भीती वाटत असेल तर डंप काढून रेपोमध्येच कमिट करा. छोट्या टीमला डीबीए लागत नाही.'

शब्द आधी सांगतो. गिट म्हणजे कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, रेपो म्हणजे तो कोड आणि इतिहास असतो ती जागा, कमिट म्हणजे बदल त्यात नोंदवणं, रिव्हर्ट म्हणजे तो मागे घेणं. स्कीमा म्हणजे टेबलांची रचना, मायग्रेशन म्हणजे ती बदलणारी स्क्रिप्ट, डाऊन मायग्रेशन म्हणजे तो बदल उलटवणारी. रेप्लिका म्हणजे डेटाबेसची सतत जुळवली जाणारी दुसरी प्रत, डंप म्हणजे डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली प्रत, डीबीए म्हणजे डेटाबेस सांभाळणारा माणूस.

आमच्या टीममध्ये नुकत्याच आलेल्या दोन मुलांनी हा मेसेज मला पाठवला. दोघांनाही तो पटला होता. म्हणून एकेक वाक्य घेऊन लिहितोय.

'स्कीमा मायग्रेशनमध्ये आहे'

हे बरोबर आहे, आणि असायलाच हवं. टेबलांचे बदल क्रमांक घातलेल्या फायलींमध्ये लिहायचे, त्या कोडसोबत कमिट करायच्या, रिव्ह्यूला टाकायच्या. ही सवय नसलेल्या टीममध्ये मी काम केलंय आणि पुन्हा करणार नाही. फक्त एक ध्यानात ठेवा. रात्री साइट हळू झाली म्हणून कुणीतरी प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या चालू डेटाबेसवर, हाताने एक इंडेक्स (शोध वेगाने व्हावा म्हणून केलेली सूची) टाकतो. तो इंडेक्स गिटला कधीच कळत नाही. म्हणून आम्ही रोज सकाळी प्रॉडक्शनचा फक्त स्कीमाचा डंप काढून तो रेपोतल्या प्रतीशी ताडून पाहतो. फरक दिसला की त्याच दिवशी त्याचं मायग्रेशन लिहायचं.

'डाऊन मायग्रेशन चालवा, सगळं पूर्ववत'

या वाक्याने सर्वांत जास्त नुकसान होतं. गिटमध्ये फायलीची प्रत्येक कमिट केलेली अवस्था जपलेली असते. म्हणून रिव्हर्ट केलं की जुना मजकूर खरोखर परत येतो. डेटाबेस तसा इतिहास आपोआप ठेवत नाही. डाऊन स्क्रिप्टला कॉलमचं नाव आणि प्रकार माहीत असतो, त्यात काय भरलं होतं ते माहीत नसतं.

आधीच्या एका नोकरीत हे डोळ्यांसमोर घडलं. ग्राहकांच्या पत्त्यांच्या टेबलात 'लँडमार्क' असा एक कॉलम होता. 'मारुतीच्या देवळासमोर', 'पिठाच्या गिरणीच्या वर, दुसरा मजला' अशा नोंदी, लोकांनी स्वतः टाइप केलेल्या. नव्या कोडमध्ये हा कॉलम कुठेच वाचला जात नव्हता, म्हणून मायग्रेशनमध्ये ड्रॉप कॉलम, म्हणजे कॉलम काढून टाकायची आज्ञा, लिहिलं गेलं. रिव्ह्यूमध्ये मीही ते पास केलं. डिलिव्हरीच्या चिठ्ठ्या छापणारी जुनी स्क्रिप्ट मात्र तोच कॉलम वाचत होती. सकाळी चिठ्ठ्या छापल्या जाईनात म्हणून फोन आला. आम्ही लगेच डाऊन चालवलं, कॉलम परत आला. सिलेक्ट (डेटा वाचायची आज्ञा) टाकून पाहिलं तर वरपासून खालपर्यंत प्रत्येक ओळ रिकामी.

वाचवलं ते पहाटे निघालेल्या डंपने. तो वेगळ्या मशीनवर उभा केला, ग्राहक क्रमांक जुळवून तेवढा एक कॉलम परत भरला. डंपनंतर आणि मायग्रेशनच्या आधी ज्यांनी पत्ते टाकले होते, त्यांना ऑफिसातल्या दोघांनी फोन करून लँडमार्क पुन्हा विचारले.

तेव्हापासून कॉलम एका फटक्यात काढत नाही. आधी कोडमधून वाचणं-लिहिणं बंद करायचं, मग कॉलमचं नाव बदलून काही आठवडे तसाच ठेवायचा, कुणी ओरडलं नाही तर काढायचा.

शिवाय मायग्रेशन अर्ध्यावर तुटलं तर काय होतं, हेही डेटाबेसवर अवलंबून असतं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये टेबलाच्या रचनेतले बहुतेक बदल ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकतर सगळं होतं नाहीतर काहीच नाही अशा गठ्ठ्यात, बसतात, फसलं तर सगळं मागे जातं. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये असा प्रत्येक बदल आपोआप कमिट होतो, म्हणजे लगेच कायम होतो. पाचपैकी तिसऱ्या पायरीला चूक निघाली तर पहिल्या दोन तशाच राहतात, आणि तुमचं डाऊन पाचही पायऱ्या झाल्या असं धरून चालतं.

'दोन मिनिटांत'

लॅपटॉपवरच्या दोनशे ओळींच्या टेबलावर, हो. प्रॉडक्शनवर ऑल्टर टेबल, म्हणजे टेबलाची रचना बदलणारी आज्ञा, एखाद्या लांबलेल्या क्वेरीमागे अडकून राहिलं, तर पोस्टग्रेसमध्ये त्याच्यामागून येणारे साधे सिलेक्टसुद्धा रांगेत उभे राहतात आणि साइट बंद पडल्यासारखी दिसते. मायग्रेशनच्या सुरुवातीला लॉक टाइमआउट, म्हणजे टेबलाचा ताबा मिळायची वाट किती वेळ पाहायची ती मर्यादा, काही सेकंदांचा ठेवा. फसलं तर फसू दे, पुन्हा चालवता येतं.

'डेटा रेप्लिकासकट आहे'

रेप्लिका मशीन बिघडण्यापासून वाचवते. माणसाच्या चुकीपासून नाही. व्हेअर, म्हणजे कुठल्या ओळी ही अट, न लावता डिलीट चालवलं तर रेप्लिका तेच डिलीट इमानाने करते, बहुतेक वेळा सेकंदाच्याही आत.

याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण गिटलॅबचं आहे, म्हणजे लोकांच्या गिट रेपॉझिटऱ्या (रेपो) ठेवणाऱ्या कंपनीचं. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांची रेप्लिका मागे पडून तुटली होती. ती नव्याने जुळवताना थकलेल्या इंजिनिअरने रेप्लिकाची डेटा डिरेक्टरी समजून मुख्य सर्व्हरवरची पुसायला घेतली. क्षणभरात लक्षात आलं, थांबवलं, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला घेतले. रोजचा डंप निघतच नव्हता, कारण डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा आणि डंप काढणारा प्रोग्रॅम ९.२ चा होता. डंप फसल्याचे इमेल जात होते, पण पडताळणीची सही नसल्याने ते नाकारले जात होते, म्हणून कुणाला पत्ताच नव्हता. डेटाबेस सर्व्हरच्या डिस्कचे आपोआप निघणारे स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या प्रती, चालूच केलेले नव्हते. वाचवलं ते त्याच इंजिनिअरने सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने. त्या सहा तासांतले सुमारे पाच हजार प्रोजेक्ट, तितक्याच कॉमेंट आणि सातशेच्या आसपास नवी खाती गेली.

इथे एक गोष्ट नीट पाहा. त्यांच्या गिट रेपॉझिटऱ्या शाबूत होत्या. गेलं ते डेटाबेसमधलं. गिट हाच ज्यांचा धंदा, त्यांचाही डेटाबेस गिट वाचवू शकलं नाही. आणि हे सगळं त्यांनी स्वतः तपशीलवार जाहीर केलं, डेटा परत आणण्याचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. त्या प्रामाणिकपणाबद्दल मला आजही आदर वाटतो.

'क्लाऊडवर आहे'

क्लाऊड म्हणजे कुठल्यातरी इमारतीतली मशीनच. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्गला ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर आगीत जळून गेलं. ज्यांच्या प्रती त्याच आवारात होत्या त्यांच्यातल्या काहींचं सगळंच गेलं. ॲमेझॉनच्या आरडीएससारख्या, भाड्याने डेटाबेस चालवून देणाऱ्या सेवेत आपोआप निघणारे बॅकअप जास्तीत जास्त ३५ दिवस राहतात. डेटाबेस डिलीट करताना ते ठेवा असं सांगितलं नाही तर तेही त्याच्यासोबत जातात. एक प्रत दुसऱ्या खात्यात, दुसऱ्या शहरात हवीच.

'डंप रेपोमध्येच कमिट करा'

कृपा करून हे करू नका. रेपो ठेवायची गिटहब ही साइट १०० एमबीपेक्षा मोठी फाइल घेतच नाही, पण ते सोडा. डंपमध्ये ग्राहकांचे फोन नंबर आणि पत्ते असतात. पुढच्या कमिटमध्ये फाइल काढली तरी इतिहासात ती तशीच राहते, आणि ज्याने ज्याने क्लोन केलंय, म्हणजे रेपोची पूर्ण प्रत उतरवून घेतलीय, त्याच्या लॅपटॉपवरही. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माणसाला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क दिलाय. गिटच्या इतिहासातून, तेही सगळ्यांच्या क्लोनमधून, ती पुसायला जाल तेव्हा कळेल काय करून ठेवलंय.

'छोट्या टीमला डीबीए लागत नाही'

पूर्णवेळ डीबीए नसेल लागत. ते काम मात्र लागतं, आणि ते कुणाच्या तरी नावावर असावं लागतं. आमच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी पाळीपाळीने एकाने रिकामी मशीन घ्यायची. त्यावर बेस बॅकअप (पूर्ण डेटाबेसची मूळ प्रत) उभा करायचा, त्यापुढच्या वॉल फायली लावायच्या, म्हणजे बदल डेटात उतरण्याआधी जिथे नोंदले जातात ते लॉग. अशाने आदल्या दिवशी दुपारी २ वाजून १४ मिनिटांनी डेटाबेस जसा होता तसा परत आणता येतो. मग ऑर्डरच्या टेबलातली शेवटची ओळ पाहायची, तिची वेळ जुळते का ते तपासायचं, आणि सुरू केल्यापासून किती वेळ लागला ते लिहून ठेवायचं.

पहिल्यांदा केलं तेव्हा सहा तास लागले, कारण बॅकअप उघडायची किल्ली कुठे ठेवली आहे हे एकालाच माहीत होतं आणि तो गावी गेला होता. आता दीड तास लागतो. पायऱ्यांची फाइल रेपोमध्ये आहे, आणि पुढच्या शुक्रवारी ती त्या दोन मुलांपैकी एकाने वाचून, मला न विचारता, पार पाडायची असं ठरलंय.