बियांचं पाकीट म्हणजे फालतू खर्च?

आज महिन्याचं सामान भरायला गेले होते. बिलाच्या रांगेत माझ्यापुढे एक आजी आणि त्यांचा मुलगा. ट्रॉली काठोकाठ. आजींनी हळूच मिरचीच्या बियांचं पाकीट वर ठेवलं, तर तो म्हणाला, "आई, हे कशाला? सगळं आयतं मिळतं की." आणि पाकीट उचलून काउंटरच्या कडेला सरकवलं. आजी काहीच बोलल्या नाहीत. माझं डोकं तेव्हापासून तापलंय.

बरं, त्याच ट्रॉलीत फुलांनी लगडलेली कुंडी होती! ती चालते. दुकानात फुलून बसलेल्या अशा रोपांची मुळं कित्येकदा कुंडीत गोल फिरून गच्च झालेली असतात. घरी आणून दुसरीकडे लावली की माना टाकतात, मग आपण म्हणायचं, "आमच्या हाताला गुणच नाही." बुटकं, बिनफुलाचं रोप घ्या ना! पण त्याचा फोटो छान येत नाही.

थंडी सरत आली की घरच्या सामानाच्या यादीतच बागेचीही यादी करायची असते, हे तुम्हाला काय सांगायचं! टोमॅटोचं रोप लावण्याजोगं व्हायला 6 ते 8 आठवडे जातात. मिरची तर त्याहून आळशी, 25 अंशांच्या आसपास ऊब मिळाली नाही तर दोन-तीन आठवडे तोंडही दाखवत नाही. म्हणजे पाकीट घ्यायची वेळ हीच. आजींना ते पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर घेतलं होतं.

जुनी पाकिटं घरात पडून असतात, हे मान्य. आधी डबा उघडून बघावा. टोमॅटोचं बी कोरडं ठेवलं तर 4 वर्षंही चालतं, कांद्याचं मात्र वर्ष-दोन वर्षांतच दगा देतं. शंका आली तर 10 बिया ओल्या कागदात गुंडाळून उबेला ठेवा. 7 उगवल्या तर जरा दाट पेरा, 3च उगवल्या तर नवं घ्या. आणि घेताना पाकिटाची मागची बाजू वाचा हो! पॅकिंगची तारीख असते, वाण संकरित आहे का तेही असतं. संकरितचं बी धरून पुढच्या वर्षी पेरलंत तर तसंच झाड येईल याचा भरवसा नाही.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. मुलगा वाईट नसेलही. बिलाचा आकडा वाढताना बघून कुणाचंही होतं तसं. जागा, ऊन, वेळ सगळ्यांकडे नसतो, हेही खरं.

पण विचारायचं तरी! "आई, कुठे लावणार आहेस?" एवढंच. तेवढ्यालाही वेळ नव्हता, आणि कुंडी निवडायला होता? छे, पुन्हा चिडचिड झाली.

उद्या यादी कराल तेव्हा घरातल्या मोठ्यांना विचारा, यंदा काय लावायचं. आणि बी गुलाबी-निळं रंगवलेलं निघालं तर त्याला औषध चोळलेलं असतं. मुलांच्या हाती देऊ नका, पेरून झालं की हात साबणाने धुवा.