मन मोकळं करा, पण रांगेत

निवासी शाळेच्या 'विद्यार्थी वेलबीइंग प्रमुख' या पदावर तुमची नेमणूक झाली, अभिनंदन. पगार तोच, टेबलावर पाटी नवीन. कालपर्यंत तुम्ही आठवीला भूगोल शिकवत होतात, आज तीनशे मुलांची मनं तुमच्या ताब्यात आली. घाबरू नका. देवगड तालुक्यातल्या एका सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जिथे पावसाळ्यात वारा दारं आपटतो आणि वैशाखात कातळ चपलेतून चटके देतो, तिथे या खुर्चीत मी सहा वर्षं काढली आहेत. जे शिकलो ते तुम्हाला फुकट देतो.

सुरुवात कागदापासून. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल शाळा, कॉलेजं, वसतिगृहं आणि कोचिंग क्लासेसना मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. शिक्षकांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवं. गुणांवरून तुकड्या पाडायच्या नाहीत, चारचौघांत मुलांचा पाणउतारा करायचा नाही. वाचून छातीत धस्स होतं. तुमचं व्हायला नको, कारण शाळा चालवणाऱ्यांनी यापेक्षा मोठमोठे जीआर पचवले आहेत.

समुपदेशक कोल्हापूरहून आणा. महिन्याच्या पहिल्या शनिवारी बाई फोंडा घाट उतरून येतात, दोन तास बसतात, जेवून जातात. तीनशे भागिले दोन तास हे गणित करू नका, आपला विषय भूगोल. पावसात घाटात दरड आली की व्हिडिओ कॉल. नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीखाली येतं, म्हणून ज्याला मन मोकळं करायचं असेल त्याने छत्री घेऊन टाकीखाली उभं राहायचं. तिथून त्याचा आवाज मैदानभर ऐकू जातो, पण त्याचाही एक फायदा असतो: पुढच्या महिन्यात टाकीखाली कोणी येत नाही आणि गरजूंची संख्या घटली असं अहवालात लिहिता येतं.

तुकड्यांचं आम्ही फार नामी केलं. 'अ', 'ब', 'क' काढून टाकलं. हुशार-ढ हा भेद नको, मुलांना मातीशी जोडूया, असं बैठकीत ठरलं आणि तुकड्यांना आंब्यांची नावं दिली. हापूस, पायरी, रायवळ. कुठला मुलगा कुठे जाणार ते वार्षिक परीक्षेच्या टक्क्यांवरून ठरलं, तेवढं मात्र जुनंच ठेवलं. जूनमध्ये परळहून आलेली एक आई ऑफिसात उभी राहून म्हणाली, "सर, रायवळ म्हणजे लोणच्याचा ना?" मी म्हटलं, "ताई, रायवळ चवीला गोड असतो." ती म्हणाली, "मग पेटीत का नाही भरत?" देवगडात बसून या प्रश्नाला उत्तर नसतं. तुम्ही फुलांची नावं द्या.

हेल्पलाइनचं पोस्टर विसरू नका. १४४१६, टेलिमानस. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ही सेवा चालू आहे, रात्रंदिवस, फुकट, मराठीतही बोलतात. नंबर वसतिगृहात मोठ्या अक्षरात, सगळ्यांना दिसेल असा लावायचा आहे. आम्ही जिन्यात लावला, इतका मोठा की खालून येणारी एसटी चुकून थांबावी. आता मुलांचे मोबाइल रेक्टरच्या कपाटात कुलूपबंद आणि वसतिगृहाचा एकुलता एक फोन रेक्टरच्याच टेबलावर, त्यांच्या चहाच्या कपाशेजारी, हे खरं. पण नंबर लावा म्हटलंय, फोन लावू द्या असं कुठे म्हटलंय?

सकाळचं ध्यान हा कार्यक्रमाचा कणा. पाच वाजता ठेवा. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते आणि या वयात शरीराचं घड्याळच मागे सरकतं, रात्री लवकर झोप येत नाही, हे झोपेचा अभ्यास करणारे कधीचे सांगतात. त्यांनी कुठे वसतिगृह चालवलंय? आमच्याकडे रात्रीचा अभ्यास साडेदहापर्यंत, बेल पावणेपाचला. ध्यान असं लागायचं की 'डोळे मिटा' म्हटल्यावर मिनिटाभरात शेवटच्या दोन रांगा घोरायला लागत. पाहुणे आले की फोटो समोरून काढावेत. बंद डोळे आणि शांत चेहरे, समाधी आणि डुलकी यांतला फरक कॅमेऱ्याला कळत नाही. योग दिनाचं फार सांगत नाही. एकवीस जून, कोकण, गळका हॉल. शवासन तेवढं जमतं.

मग 'मूड चार्ट'. प्रत्येक खोलीच्या दारावर तक्ता, मुलाने रोज आपल्या नावापुढे टिकली लावायची. पिवळी म्हणजे आनंदी, निळी म्हणजे उदास, लाल म्हणजे राग. पहिल्या आठवड्यात तक्ता रंगपंचमीसारखा दिसेल, विचलित होऊ नका. लाल-निळ्या टिकलीवाल्यांना रविवारी क्रिकेटच्या वेळेत 'सकारात्मक विचार' या सत्राला बसवा. तिसऱ्या सोमवारी अख्खं वसतिगृह पिवळं. आमच्या विश्वस्तांनी त्या तक्त्याची फ्रेम करून ऑफिसात लावली.

आता आजारी खोलीची वही. ही नवीन प्रमुखाच्या हाती न पडलेली बरी. आमच्याकडे तिथे एक मावशी होत्या, नर्सिंग वगैरे केलेलं नाही, अक्षर मात्र मोत्यासारखं. रविवारी संध्याकाळी पाच ते साडेसहा घरी फोन करायची वेळ, प्रत्येकाला चार मिनिटं. आणि वहीत बघावं तर: रविवार, ६.४०, सहावी, पोटदुखी. रविवार, ६.५५, सहावी, पोटदुखी, उलटी नाही. रविवार, ७.०५, सातवी, पोटदुखी, ताप नाही, रडतो. मागे मागे पानं उलटत गेलो तरी रविवारच रविवार. मी लगेच मेस कमिटी बोलावली. रविवारी रात्री वालाची उसळ असते, दोष वालाचा, असा एकमताने निर्णय झाला. वाल बंद केले, मूग सुरू केले. पोटं दुखतच राहिली. शेवटी मावशी मला दारातच म्हणाल्या, "सर, पोरांचा पॉट फोनानंतर दुखता. उसळीन नाय."

लहान मुलांचं मन पुष्कळदा पोटातून बोलतं, हे कुठलाही मुलांचा डॉक्टर सांगेल. आम्ही त्यावर तत्काळ कार्यवाही केली. फोनचा वार बदलून मंगळवार केला. पुढच्या आठवड्यापासून वहीत मंगळवार दिसायला लागले.

मावशी काय करायच्या ते मी एकदा खिडकीतून पाहिलंय. मुलाला खाटेवर बसवायचं, हातात पेजेची वाटी द्यायची, वर मीठ आणि आंब्याच्या लोणच्याची फोड. स्वतः शेजारी बसून लसूण सोलत राहायचं. एक शब्द विचारायचा नाही. पाऊण तासाने पोरगंच बोलायला लागायचं, घरच्या कुत्र्याबद्दल, धाकट्या बहिणीबद्दल, आपली खाट तिला दिली का याबद्दल. या उपक्रमाला नाव नाही, उद्दिष्ट नाही, फोटो नाही. अहवालात घालणार कुठे? मी 'किरकोळ उपचार' या रकान्यात घातलं.

भाषणासाठी एखादा थोर माणूस लागतोच. कोकणात साने गुरुजी हाताशी आहेत, पालगडचे. अमळनेरच्या शाळेत शिकवताना छात्रालयही सांभाळायचे. मुलांच्या खोल्या स्वतः झाडायचे, अंथरुणं आवरायचे असं सांगतात. चोवीस डिसेंबरला फोटोला हार घाला, पण यातलं काही शिक्षकांच्या बैठकीत बोलू नका. एक तर कोणी झाडू हातात देईल. आणि दुसरं म्हणजे गुरुजींकडे मूड चार्ट नव्हता. आजच्या तपासणी पथकापुढे त्यांचं छात्रालय पास झालं नसतं.

गोपनीयतेबद्दल मुलांना पहिल्याच दिवशी सांगा: "इथे बोललेलं इथेच राहील." मग बाईंच्या नोंदी मुख्याध्यापकांकडे, तिथून स्टाफरूममध्ये. सहावीतला कोण अजून अंथरूण ओलं करतो हे तिसऱ्या तासापर्यंत पीटीच्या सरांना कळलेलं असतं. खरं तर मुलाला आधी सांगायला हवं, की तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, कोणी तुझ्याशी वाईट वागत असेल, तर ते मी पोटात ठेवणार नाही. बाकी सगळं ठेवीन. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारकच आहे. प्रथा मात्र बरोबर उलटी. बाकीचं सगळं गावभर आणि नेमकं तेवढं 'आधी संस्थेच्या पातळीवर बघू'. हे वाक्य लिहिताना मला विनोद सुचत नाही. पुढे जाऊ.

गणपतीची सुट्टी दीड दिवसाची ठेवा. ज्यांच्या घरी दीड दिवसाचा असतो त्यांची सोय होते. पाच नि अकरा दिवसांवाल्यांनी मन घट्ट करायचं, तेही शिक्षणच. त्या रात्री वाडीतून भजनाचे आवाज वर सड्यापर्यंत येतात. तेव्हा वसतिगृहाच्या खिडक्या लावून घ्याव्यात, डास येतात म्हणून.

पैशाचंही सांगून ठेवतो. जुलैत आमच्याकडे कपडे वाळत नाहीत. दोरीवर तीन दिवस टांगलेली चड्डी चौथ्या दिवशी ओलीच अंगावर चढते आणि ऑगस्टपर्यंत अर्ध्या वसतिगृहाला गजकर्ण. कपडे वाळवायची एक खोली बांधा, दोन पंखे आणि एक पत्र्याची शेगडी द्या, असा अर्ज रेक्टरने केला होता. पण त्या वर्षीचा निधी 'मनःशांती उद्यान' या शीर्षाखाली आला होता. आम्ही उद्यान केलं. बांबूचं बाकडं, एक बुद्धाची मूर्ती, आणि 'श्वासाकडे लक्ष द्या' असा फलक. शेजारच्या खोलीतल्या ओल्या कपड्यांमुळे श्वासाकडे आपोआपच लक्ष जायचं.

राहता राहिली 'मनमोकळी पेटी'. ती हवीच. लाकडी, वर भोक, पुढे कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांच्या जुडग्यात. आम्ही ती जूनमध्ये व्हरांड्यात लावली आणि दिवाळीच्या सुट्टीआधी उघडायला गेलो, तर कुलूप गंजून बसलेलं. सुताराला बोलावलं. आत अकरा चिठ्ठ्या होत्या, आठांचा लगदा झाला होता. उरलेल्यांपैकी एकीवर 'चड्ड्या वाळत नाहीत' असं होतं. दुसरीवर नुसतंच घर काढलेलं, कौलारू, समोर माड. तिसरीवर बॉलपेनने ठळक लिहिलं होतं, "सर, पेटी गळते."

तक्रारीची तातडीने दखल घेतली. दुसऱ्याच दिवशी शिपायाने पेटीला वरून निळं प्लास्टिक घट्ट बांधलं. भोकासकट.