दिवा लागला की झाकणच दोषी?

जळगाव-भुसावळकडे पारा ४४च्या वर चढला की हा मेसेज ग्रुपोग्रुपी फिरू लागतो: "चेक इंजिनचा दिवा लागला म्हणजे पेट्रोल टाकीचं झाकण सैल. नवं झाकण लावा, बॅटरीची वायर थोडा वेळ काढून ठेवा, दिवा जाईल. उन्हाळ्यात टाकी अर्धीच भरा, नाहीतर स्फोट होतो. रोज एकदा झाकण उघडून गॅस सोडा."

आधी झाकण. हा सल्ला मुळात अमेरिकेतला, आणि तिथं तो बऱ्यापैकी लागू पडतो. तिथल्या नियमांमुळे गाडी टाकी-नळ्यांतून होणारी वाफेची गळती स्वतः तपासते, अगदी अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्राएवढी. झाकण नीट बसलं नाही की गाडीच्या संगणकात पी०४५५ किंवा पी०४५७ हा बिघाडाचा कोड येतो आणि दिवा लागतो. आपले धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम युरोपच्या वळणाचे. त्यात पर्ज व्हॉल्व्हचं, म्हणजे टाकीतली वाफ इंजिनात सोडणाऱ्या झडपेचं, विजेचं सर्किट शाबूत आहे का, एवढंच पाहणं सक्तीचं. त्यामुळे इथल्या बहुतेक गाड्यांत झाकण सैल राहिलं तरी दिवा लागत नाही. डिझेल गाडीत तर ही यंत्रणाच नसते, पण मेसेज त्यांनाही जातो!

म्हणून आधी स्कॅनर लावून कोड वाचा. पी०४४३, पी०४५८, पी०४५९ आले तर पर्ज व्हॉल्व्हचा कनेक्टर, वायर आणि कॉइल बघा. टाकीतली वाफ कॅनिस्टरमध्ये, म्हणजे कोळसा भरलेल्या डब्यात, साठते आणि हा व्हॉल्व्ह ती इंजिनात सोडतो. तो उघडाच अडकला तर वायरिंग ठीक असल्यानं कोड येईलच असं नाही, पण पेट्रोल भरल्या भरल्या गाडी सुरू करताना खूप सेल्फ मारावा लागतो, आयडलिंगला इंजिन थरथरतं. थंड इंजिन सुरू करून कॅनिस्टरकडची नळी काढा, व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवा. ओढ लागली तर व्हॉल्व्ह गेला. (तेव्हा जवळपास बिडी-काडी नको.)

बॅटरीची वायर काढली की बऱ्याच गाड्यांत कोड पुसला जातो, बिघाडाच्या क्षणाची नोंदही जाते. मेकॅनिकच्या हाती काही उरत नाही, आणि मूळ दोष तसाच असला तर दिवा पुन्हा येतो.

स्फोटाची गोष्ट इंडियन ऑइलनं केव्हाच खोटी ठरवली आहे; कंपनीनं ठरवलेल्या मर्यादेपर्यंत टाकी कुठल्याही ऋतूत भरता येते. पेट्रोल आपोआप पेटायला २५० अंशांच्या आसपास तापमान लागतं. घातक सवय वेगळीच आहे: नोझल टक् करून बंद झाल्यावर "राउंड फिगर करून टाक भाऊ" म्हणणं. ते वरचं पेट्रोल कॅनिस्टरमध्ये उतरतं आणि कोळसा निकामी करतं.

टाकी रिकामी असतानाही नोझल सारखं बंद पडत असेल, तर हवा जायची व्हेंट नळी आणि तिचा फिल्टर तपासा. कच्च्या रस्त्यांची धूळ तिथंच बसते. माझदानं २०११ मध्ये अमेरिकेत माझदा-६ गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण त्या नळीत कोळी जाळं विणत होते.

राहिलं रोज झाकण उघडणं. जी वाफ कॅनिस्टर धरून इंजिनाला देतो, तीच तुम्ही विकत घेऊन हवेत सोडता. उघडताना होणारा हलका फुस्स आवाज बिघाड नव्हे.