कंसातलं सेट चालतं

"बॅच फाइलमध्ये इफच्या कंसात सेट चालत नाही. सीएमडीचा हा जुना बग आहे. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर 'सेटलोकल एनेबलडिलेड्एक्सपान्शन' टाका, प्रश्न मिटला." विंडोजवर काम करणाऱ्यांत हा सल्ला सतत पुढे पाठवला जातो. त्यातली पहिली दोन वाक्यं चूक आहेत आणि तिसरं घातक आहे.

बॅच फाइल म्हणजे आज्ञांची यादी, सीएमडी म्हणजे ती चालवणारा विंडोजचा प्रोग्राम, इफ अट तपासतं आणि सेट व्हेरिएबलला किंमत देतं. तर, सेट चालतं. कंस संपल्यावर तेच व्हेरिएबल इको करा, म्हणजे पडद्यावर छापा, नवी किंमत दिसेल. घोळ वाचण्याच्या वेळेचा आहे. कंस उघडल्यापासून बंद होईपर्यंतचा मजकूर सीएमडी एकच आज्ञा म्हणून वाचतो, आणि वाचतानाच %मार्ग% अशा, टक्केचिन्हांत व्हेरिएबलचं नाव असलेल्या, सगळ्या जागी त्या क्षणाची किंमत भरतो. आतलं सेट त्यानंतर चालतं. तोवर खालच्या इकोमध्ये व्हेरिएबल उरलेलंच नसतं, तिथे जुना मजकूर बसलेला असतो. म्हणूनच किमतीत 'प्रोग्राम फाइल्स (एक्स86)' असेल आणि ती अवतरणांत नसेल, तर तिच्यातला बंद कंस तुमचा ब्लॉक मध्येच तोडतो.

बग म्हणावं, तर 'सेट /?' टाइप करून बघा. मायक्रोसॉफ्टने तिथे हेच वागणं उदाहरणासकट लिहून ठेवलंय, आणि !मार्ग! हा उपायही: उद्गारचिन्हांतली किंमत आज्ञा चालताना भरली जाते. सल्ल्यातलं सेटलोकल हीच सुविधा चालू करतं. ती विंडोज 2000 पासून आहे. शिवाय आधीच भरण्याची हीच सवय कामी येते. एंडलोकल ही आज्ञा सेटलोकलनंतरचे बदल मागे घेते, पण कंसाबाहेर एका ओळीत 'एंडलोकल & सेट "उत्तर=%उत्तर%"' लिहिलं की किंमत एंडलोकलच्या पलीकडे पोचते, कारण ती एंडलोकल चालण्याआधीच भरलेली असते.

आता तो सरसकट उपाय. फॉर ही आज्ञा एकेक फाइल घेते आणि तिचं नाव %%फ मध्ये ठेवते. हे %%फ आधी उलगडतं, उद्गारचिन्हांची पाळी नंतर. फोल्डरमध्ये 'सहल!.जेपीजी' असेल, तर तिचं उद्गारचिन्ह गळून 'सहल.जेपीजी' होतं. कॉपी करत असाल तर फाइल सापडत नाही. पण डेल, म्हणजे फाइल पुसणारी आज्ञा, चालवत असाल आणि त्या नावाची दुसरी फाइल शेजारी असेल, तर ती उडते! दुसऱ्याचे फोटो किंवा हिशेब हाताळणाऱ्या स्क्रिप्टमध्ये हे चालवून घेऊ नये. सुविधा बंद असताना %%फ व्हेरिएबलमध्ये घ्या, मग सेटलोकलने ती चालू करून !फाइल! वापरा आणि लगेच एंडलोकल. एंडलोकल विसरलात तर 32 पातळ्यांनंतर सीएमडी पुढे जाऊ देत नाही.

डोक्यावरच्या सेटलोकलचा आणखी एक परिणाम सांगितला जात नाही. फाइल संपली की तिने बदललेली व्हेरिएबल्स पूर्ववत होतात. दुसऱ्या स्क्रिप्टने ती कॉल केली असेल, तर हाती काही येत नाही.

बऱ्याचदा या सुविधेची गरजच नसते. कंसातल्या ओळी लेबलखाली, म्हणजे फाइलमधल्या नाव दिलेल्या जागी, हलवून कॉल केल्या, की प्रत्येक ओळ स्वतंत्र वाचली जाते. आणि कंसात %एररलेव्हल% (आधीच्या आज्ञेच्या निकालाचा आकडा) जुनाच आकडा दाखवत असला, तरी 'इफ एररलेव्हल 1' चालताना तपासतं. फक्त त्याचा अर्थ '1 किंवा जास्त' असा होतो.